अभ्यासिकेतील नऊ लॅपटॉप आणि त्यांची वायरलेस कार्डे : प्रकल्प नोंदी

१ नोव्हेंबर २०२५, शनिवार

कोल्हापुरात मंगळवार पेठेतील एका तालमीच्या वरच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका चालते. तिला गेल्या दोन वर्षांत देणगी म्हणून मिळालेले नऊ लॅपटॉप आज कपाटातून बाहेर काढले. अर्ज भरणे, जुन्या प्रश्नपत्रिका उतरवून घेणे आणि सराव चाचण्या देणे एवढ्यासाठीच ते वापरायचे आहेत. सात यंत्रांवर विंडोज १० होते. त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी लागणाऱ्या अटी यांपैकी एकही यंत्र पुरी करत नाही. म्हणून सर्वांवर लिनक्स ही खुली कार्यप्रणाली बसवायचे ठरले.

लिनक्सच्या डेबियन या वितरणाची (तयार संचाची) १२ वी आवृत्ती निवडली. डेबियन १३ ऑगस्टमध्येच आली आहे, हे मला ठाऊक आहे. परंतु नवांपैकी दोन छोटी नेटबुके ३२ बिट प्रोसेसरची आहेत आणि १३ व्या आवृत्तीपासून डेबियनने ३२ बिट यंत्रांसाठी इन्स्टॉलर देणे बंद केले. पुढे जो कोणी या यंत्रांची देखभाल करील, त्याला दोन वेगवेगळ्या आवृत्त्या सांभाळाव्या लागू नयेत, असे मला वाटते. इन्स्टॉलरची भाषा मराठी निवडता येते, त्यामुळे मदतीला आलेले दोन विद्यार्थी प्रत्येक पडद्यावर काय विचारले जात आहे ते स्वतः वाचून पुढे जात होते. संध्याकाळपर्यंत पाच यंत्रे झाली.

खरे काम पुढे आहे. खोलीत नेटवर्कची वायर नाही. राउटर जिन्याजवळ आहे आणि मधली भिंत जुन्या काळ्या दगडाची, हातभर जाड आहे. वाय-फाय चालले तरच ही यंत्रे उपयोगाची.

२ नोव्हेंबर, रविवार

उरलेली चार यंत्रे पूर्ण झाली. त्यानंतरचा सगळा वेळ केवळ ओळख पटवण्यात घालवला आणि तो सत्कारणी लागला, असे मी मानतो.

वायरलेस कार्डाचा ड्रायव्हर (कार्डाला लिनक्सशी बोलते करणारा प्रोग्राम) शोधताना लॅपटॉपच्या झाकणावरचे नाव फारसे कामाला येत नाही, कारण एकाच मॉडेलमध्ये कंपनी त्या त्या महिन्यात जे कार्ड उपलब्ध असेल ते बसवते. याचा पुरावा समोरच होता. एकाच मॉडेलचे तीन लॅपटॉप, एकाच महाविद्यालयाकडून आलेले, रंगही तोच. पण दोघांत ब्रॉडकॉमची बीसीएम४३१४२ चिप निघाली आणि तिसऱ्यात रिअलटेकची आरटीएल८७२३बीई. तिघांना एकच उपाय केला असता तर तिसऱ्यावर दिवसभर डोके फुटले असते.

ओळख पटवण्यासाठी एलएसपीसीआय ही आज्ञा ‘एनएन’ या पर्यायासह चालवावी. मग प्रत्येक घटकाच्या ओळीत चौकटी कंसात विसर्गचिन्हाने जोडलेले दोन क्रमांक दिसतात. पहिला चिप बनवणाऱ्या कंपनीचा आणि दुसरा त्या चिपचा. हे क्रमांक सोळाच्या पायावरचे असल्याने त्यांत अधूनमधून अक्षरेही येतात. ‘एनएन’बरोबर ‘के’ हा पर्यायही दिला, तर सध्या कोणता ड्रायव्हर त्या चिपला धरून आहे तेही कळते, आणि तशी ओळच नसेल तर चिपला अजून कोणी वाली मिळालेला नाही असे समजावे.

नऊ यंत्रांचा हिशेब असा निघाला. दोन नेटबुकांत अ‍ॅथेरॉसची एआर९२८५, क्रमांक १६८सी:००२बी. दोन जुन्या जाड लॅपटॉपांत ब्रॉडकॉमची बीसीएम४३१२, क्रमांक १४ई४:४३१५. वर सांगितलेल्या तिघांपैकी दोघांत बीसीएम४३१४२, क्रमांक १४ई४:४३६५. तिसऱ्यात आणि आणखी एका वेगळ्या लॅपटॉपात आरटीएल८७२३बीई, क्रमांक १०ईसी:बी७२३. नवव्यात इंटेलची सेंट्रिनो ६२०५. प्रत्येक यंत्राच्या पोटाखाली हा क्रमांक लिहिलेली चिकटपट्टी लावली आहे.

३ नोव्हेंबर, सोमवार

नेटबुकांना काहीच करावे लागले नाही. दोन्ही यंत्रे सुरू होताच आसपासच्या नेटवर्कांची यादी दाखवू लागली. सगळ्यांत जुनी, सगळ्यांत मंद आणि सर्वांत आधी तयार झालेली यंत्रे हीच, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. या चिपसाठीचा एटीएच९के हा ड्रायव्हर २००८ पासून कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच आहे, पूर्णपणे खुला आहे आणि त्याला वेगळ्या फर्मवेअरची गरज पडत नाही.

फर्मवेअर हा शब्द पुढेही येणार असल्याने विद्यार्थ्यांना आज जे समजावून सांगितले ते येथेही लिहून ठेवतो. ड्रायव्हर संगणकाच्या प्रोसेसरवर चालतो. फर्मवेअर कार्डावरच्या छोट्या प्रोसेसरवर चालते. अनेक कार्डांत ते कायमचे साठवलेले नसते, म्हणून यंत्र सुरू होताना ड्रायव्हर ती फाइल डिस्कवरून उचलून कार्डात भरतो. ड्रायव्हर आहे पण फाइल नाही, अशा स्थितीत कार्ड ओळखले जाते आणि तरीही मुके राहते. ‘ड्रायव्हर बसत नाही’ अशी जी तक्रार आपण ऐकतो, तिच्यात पुष्कळदा ड्रायव्हर जागेवर असतो आणि फर्मवेअर गायब असते.

डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये पूर्वी बंद स्वरूपाचे फर्मवेअर नसे. २०२२ साली डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून ते अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घेण्याचा निर्णय केला आणि १२ व्या आवृत्तीपासून तो अमलात आला. इंटेलचे आणि रिअलटेकचे फर्मवेअर त्यामुळे काल आपोआप बसले. ब्रॉडकॉमच्या चारही यंत्रांना मात्र त्याचा लाभ झाला नाही.

इंटेलच्या लॅपटॉपचा ड्रायव्हर आणि फर्मवेअर दोन्ही जागेवर असूनही वाय-फाय बंदच होते. आरएफकिल या आज्ञेने पाहिले तर ‘सॉफ्ट ब्लॉक’पुढे नाही आणि ‘हार्ड ब्लॉक’पुढे होय असे उत्तर आले, म्हणजे अडथळा सॉफ्टवेअरचा नव्हता. लॅपटॉपच्या पुढच्या कडेला, तळहात टेकतो त्याच्या खाली, नखाएवढा सरकता खटका सापडला. धुळीने तो मधेच अडकला होता आणि त्याच्याखालचा केशरी ठिपका अर्धाच दिसत होता. ब्रशने साफ करून उजवीकडे सरकवला आणि काम झाले.

५ नोव्हेंबर, बुधवार

त्रिपुरारी पौर्णिमा. पंचगंगेच्या घाटावर दीपोत्सव असल्याने अभ्यासिकेत आज वर्दळ नव्हती आणि बीसीएम४३१२ ची दोन्ही यंत्रे निवांतपणे हाताळता आली.

या चिपला कर्नलमधला बी४३ हा खुला ड्रायव्हर चालतो. कर्नलच्या नोंदी डीमेसेज आज्ञेने वाचल्या तेव्हा त्यात ‘बी४३’ फोल्डरातली ‘यूकोड१५’ नावाची फर्मवेअर फाइल सापडत नसल्याची स्पष्ट तक्रार होती. ती फाइल डेबियन स्वतः वाटू शकत नाही, कारण ती पुन्हा वितरित करण्याची परवानगी ब्रॉडकॉमने दिलेली नाही. त्यावर काढलेली वाट अशी आहे की ‘फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर’ हे पॅकेज इंटरनेटवरून कंपनीचा जुना ड्रायव्हर उतरवून घेते आणि ‘बी४३-एफडब्ल्यूकटर’ या साधनाने त्यातून फर्मवेअरचे तुकडे कापून योग्य फोल्डरात ठेवते. पॅकेज ‘कॉन्ट्रिब’ विभागात असल्याने, पॅकेजे कोठून घ्यायची ते सांगणाऱ्या सोर्सेस लिस्ट या फाइलमध्ये तो विभाग आधी जोडावा लागतो.

इंटरनेट मिळवण्यासाठी इंटरनेट हवे, ही अडचण येथे प्रत्येकाला येते. नेटवर्कची वायर नसेल तर सर्वांत सोपा मार्ग म्हणजे अँड्रॉइड फोन यूएसबी वायरने जोडून त्यात यूएसबी टेदरिंग सुरू करणे. लिनक्सला तो फोन वायरच्या नेटवर्कासारखा दिसतो आणि वेगळा ड्रायव्हर लागत नाही. मी चार्जिंगची म्हणून आणलेली पहिली वायर नुसती वीज नेणारी निघाली, तिच्यात डेटाच्या तारा नव्हत्या. त्यात वीस मिनिटे गेली. पिशवीत आता डेटा नेणाऱ्या वायरीवर लाल दोरा बांधला आहे.

पॅकेज बसल्यावर बी४३ चे मॉड्यूल, म्हणजे कर्नलमध्ये भरता-काढता येणारा ड्रायव्हरचा तुकडा, काढून पुन्हा भरले. पहिल्या यंत्राने लगेच राउटर पकडला, दुसऱ्याने एकदा पूर्ण बंद करून सुरू केल्यावर.

८ नोव्हेंबर, शनिवार

बीसीएम४३१४२ ची दोन यंत्रे. या प्रकल्पात सर्वांत जास्त लक्ष यांनाच द्यावे लागणार, हे आधीपासून दिसत होते.

या चिपला बी४३ चालत नाही. चालतो तो ब्रॉडकॉमचा स्वतःचा ‘डब्ल्यूएल’ ड्रायव्हर, आणि त्याची रचना थोडी वेगळी आहे. त्याचा मुख्य भाग कंपनीने आधीच तयार करून दिलेला, बंद स्वरूपाचा आहे. त्याच्याभोवती कर्नलशी बोलणारे पातळ खुले आवरण आहे. हे आवरण ज्या त्या कर्नलसाठी त्या त्या यंत्रावर नव्याने तयार करावे लागते. मूळ ड्रायव्हरची ६.३०.२२३.२७१ ही आवृत्ती २०१५ ची आहे. त्यानंतर कर्नल जसजसा बदलत गेला तसतसे हे आवरण जुळवून घेण्याचे काम डेबियन आणि इतर वितरणांच्या स्वयंसेवकांनी केले आहे. दहा वर्षे जुना बंद ठोकळा आजच्या कर्नलवर चालतो, यामागे त्या लोकांचे शांतपणे केलेले श्रम आहेत आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञता आहे.

सोर्सेस लिस्टमध्ये ‘नॉन-फ्री’ विभाग जोडला. त्यानंतर चालू कर्नलच्या हेडर फाइली (मॉड्यूल तयार करताना लागणारी कर्नलची माहिती) आणि ‘ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस’ हे पॅकेज बसवले. नावातले डीकेएमएस हे मूळचे डेल कंपनीत तयार झालेले साधन आहे. कर्नलच्या बाहेरचे मॉड्यूल नव्या कर्नलसाठी आपोआप पुन्हा तयार करणे हे त्याचे काम. चिपवर आधीच बीसीएमए हे मॉड्यूल बसलेले असते, म्हणून ते आणि त्याच्या सोबतची बी४३, एसएसबी ही मॉड्यूले आधी काढायची आणि मगच डब्ल्यूएल भरायचे. पुढच्या वेळी ती आपोआप चढू नयेत म्हणून त्यांची प्रतिबंध यादी पॅकेज स्वतःच ठेवते.

पहिले यंत्र चालले. दुसऱ्यावर सर्व पायऱ्या तशाच करूनही डब्ल्यूएल भरताना किल्ली नाकारल्याचा संदेश आला. दोन्ही एकाच मॉडेलची असली तरी दुसऱ्यात सिक्युअर बूट हे संरक्षण चालू होते, आणि ते चालू असताना डिजिटल सही नसलेले किंवा अनोळखी सहीचे मॉड्यूल कर्नल आत घेत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

सिक्युअर बूट बंद करून टाकणे हा दोन मिनिटांचा उपाय होता. तो मी केला नाही, कारण हे यंत्र अनेकांच्या हातात जाणार आहे आणि चालू असलेले संरक्षण केवळ आपल्या सोयीसाठी काढून टाकावे, हे मला पटत नाही.

डेबियन १२ मधील डीकेएमएस मॉड्यूल तयार करताना स्वतःची किल्ली बनवून त्यावर सही करतेच. फक्त ती किल्ली विश्वासाची आहे हे यंत्राला कोणी तरी समोर बसून सांगावे लागते. त्यासाठी ‘मॉकयूटिल’ या आज्ञेला ‘इम्पोर्ट’ पर्यायासह डीकेएमएसच्या फोल्डरातील ‘मॉक डॉट पब’ ही फाइल दिली. त्याने एक तात्पुरता पासवर्ड विचारला. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर डेबियनच्या आधी गडद निळा पडदा येतो आणि दहा सेकंदांत कोणतीही कळ दाबली नाही तर तो निघून जातो. पहिल्या वेळी मी खुर्ची ओढून बसेपर्यंत तो निघूनही गेला आणि इम्पोर्ट पुन्हा करावे लागले. दुसऱ्या वेळी ‘एन्रोल मॉक’ (किल्ली नोंदवा), ‘कंटिन्यू’, ‘येस’ असे पर्याय निवडून पासवर्ड दिला. या पडद्यावर कळफलक इंग्रजी अमेरिकी मांडणीचा असतो, म्हणून पासवर्ड साध्या इंग्रजी अक्षरांचा आणि आकड्यांचाच ठेवावा.

यंत्र सुरू झाले आणि वाय-फायचे चिन्ह उमटले. शेजारी बसलेली विद्यार्थिनी तलाठी भरतीच्या जुन्या प्रश्नपत्रिका शोधत होती. तिने ते यंत्र तिथल्या तिथे मागून घेतले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

रिअलटेकची दोन यंत्रे गेले दहा दिवस ‘चालू’ म्हणून यादीत होती. आज एका विद्यार्थ्याने येऊन सांगितले, “सर, ह्याला दाराजवळ बसलं तरच नेट गावतंय.” तपासणीत माझी चूक लक्षात आली. मी ती यंत्रे राउटरच्या शेजारी ठेवून तपासली होती.

दोन्ही यंत्रे खोलीच्या मध्यभागी एकाच टेबलावर ठेवून आयडब्ल्यू आज्ञेने सिग्नलची तीव्रता मोजली. वेगळ्या मॉडेलच्या लॅपटॉपात ती उणे ५५ डीबीएम, आणि तिघांतल्या तिसऱ्यात उणे ८४ (आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला). या मापात दहाचा फरक म्हणजे शक्तीत दहापट फरक, त्यामुळे एकोणतीसचा फरक सुमारे आठशेपट होतो. एकच चिप, एकच ड्रायव्हर, एकच टेबल असताना एवढे अंतर भिंतीमुळे पडणे शक्य नाही.

आरटीएल८७२३बीई कार्डावर अँटेना जोडण्याच्या दोन जागा असतात. काही लॅपटॉपांत बनवणारी कंपनी एकच अँटेना बसवते, आणि ती कोणत्या जागेला जोडली आहे याची कार्डात नोंदलेली माहिती प्रत्यक्षाशी जुळत नाही. मग ड्रायव्हर रिकाम्या जागेवरून ऐकत बसतो. या ड्रायव्हरला त्यासाठीच ‘अँट सेल’ नावाचा पर्याय आहे. त्यात १ किंवा २ लिहून जागा ठरवून देता येते. ईटीसी फोल्डरातील मॉडप्रोब डॉट डी मध्ये एक छोटी फाइल करून तिच्यात आरटीएल८७२३बीई साठी अँट सेल बरोबर २ अशी ओळ लिहिली आणि मॉड्यूल काढून पुन्हा भरले. त्याच टेबलावर तीव्रता उणे ५३ झाली.

लॅरी फिंगर यांचे नाव येथे लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. ५ तारखेच्या नोंदीतला बी४३ आणि आजचा रिअलटेकचा ड्रायव्हर, या दोन्हींची देखभाल त्यांनी वर्षानुवर्षे केली आणि अडलेल्या असंख्य लोकांना उत्तरे दिली. २०२४ च्या जूनमध्ये त्यांचे निधन झाले. अभ्यासिकेतली चार यंत्रे त्यांनी सांभाळलेल्या ड्रायव्हरांवर चालतात.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सॉफ्टवेअरने उत्तर मिळाले असले तरी आत खरोखर काय आहे ते डोळ्यांनी पाहायचे होते. उद्यमनगरातून बारीक स्क्रू ड्रायव्हर आणला, बॅटरी काढली आणि खालचे झाकण उघडले. कार्ड अंगठ्याच्या दोन पेरांएवढे. त्याच्या कडेला ज्वारीच्या दाण्याहून लहान अशा दोन सोनेरी कड्या; एकीवर काळ्या तारेची टोपी बसलेली, दुसरी उघडी. दुसरी तार कोठे गुंडाळून ठेवली आहे का म्हणून पडद्याच्या बिजागरीपर्यंत पाहिले; ती मुळातच नव्हती.

तार दुसऱ्या कडीवर हलवून पाहण्याचा मोह झाला, पण तसे केले नाही. या जोडण्या जेमतेम तीस वेळा काढघाल करण्यासाठी बनवलेल्या असतात, आणि वाकडी बसलेली टोपी दाबली तर मधली पिन कायमची मोडते. जे एका ओळीने सुटले आहे त्यासाठी हा धोका पत्करू नये. झाकण लावले.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी नवाच प्रकार. डब्ल्यूएल ड्रायव्हरच्या दोन्ही यंत्रांना अभ्यासिकेचे नेटवर्कच दिसेना, बाकी सातांना दिसत होते. शेजारच्या घरांची नेटवर्के मात्र त्या दोघांनाही दिसत होती. रात्री वीज जाऊन आल्यावर राउटरने आपोआप १३ वी वाहिनी (चॅनेल) निवडली होती. भारतात २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात १ ते १३ या वाहिन्यांना मुभा आहे, अमेरिकेत व्यवहारात १ ते ११ वापरल्या जातात, आणि ही दोन कार्डे तिकडच्या हिशेबाने ११ पर्यंतच ऐकत होती. प्रत्येक यंत्रात बदल करण्यापेक्षा राउटरमध्येच वाहिनी ६ अशी कायम केली. एकमेकींवर न चढणाऱ्या १, ६ आणि ११ यांपैकी ६ वर आसपास सर्वांत कमी गर्दी होती.

२२ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी अभ्यासिकेतून फोन आला की अपडेट केल्यावर एका लॅपटॉपचे वाय-फाय गेले. कोणता म्हणून विचारले. पोटाखालच्या चिकटपट्टीवर १४ई४:४३६५ असे वाचून दाखवले गेले आणि तेवढ्यावरून कारण उमगले. अपडेटमध्ये नवा कर्नल आला होता. कर्नलच्या आतले एटीएच९के, बी४३, इंटेल आणि रिअलटेकचे ड्रायव्हर त्याच्याबरोबरच येतात. डब्ल्यूएल मात्र नव्याने तयार व्हावा लागतो.

तो झाला नाही याचा दोष माझ्या ८ तारखेच्या कामात आहे. मी त्या दिवशी चालू असलेल्या कर्नलच्या नेमक्या आवृत्तीचे हेडर बसवले होते. नव्या कर्नलचे हेडर कोणी मागितलेच नसल्याने डीकेएमएसजवळ काम करायला सामग्री नव्हती. ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी६४’ हे सर्वसाधारण नावाचे पॅकेज बसवायला हवे होते. ते असले की प्रत्येक नव्या कर्नलबरोबर त्याचे हेडरही येते.

फोनवरूनच तात्पुरती वाट सांगितली: यंत्र पुन्हा सुरू करा, ग्रबच्या (सुरुवातीला कर्नल निवडू देणाऱ्या प्रोग्रामच्या) यादीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जा आणि खालचा जुना कर्नल निवडा. जुन्या कर्नलसाठी तयार झालेला ड्रायव्हर तिथेच असतो, त्यामुळे वाय-फाय परत आले आणि कोणाच्याही फोनचे टेदरिंग न करता पुढचे पॅकेज उतरवता आले. संध्याकाळी जाऊन दोन्ही यंत्रांवर ते सर्वसाधारण पॅकेज बसवले आणि ‘डीकेएमएस स्टेटस’मध्ये दोन्ही कर्नलांपुढे ‘इन्स्टॉल्ड’ असे आल्याची खात्री केली. सिक्युअर बूटच्या यंत्रात किल्ली एकदा नोंदलेली असल्याने निळा पडदा पुन्हा आला नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

सर्व नऊ यंत्रे खोलीच्या मागच्या ओळीत, दगडी भिंतीला लागून असलेल्या टेबलांवर ठेवून एकाच वेळी तपासली. सर्वांत कमी तीव्रता एका नेटबुकात उणे ६७ आली, तरीही त्यावर सराव चाचणी अडली नाही. डब्ल्यूएल ड्रायव्हरच्या दोन यंत्रांच्या चिकटपट्टीवर क्रमांकाखाली ‘अपडेटनंतर डीकेएमएस पाहणे’ असे लाल शाईने लिहिले. या वहीची एक प्रत कपाटात, डेटा नेणाऱ्या वायरीसोबत ठेवली आहे. एका विद्यार्थ्याने पुढच्या महिन्याचे अपडेट स्वतः करण्याची तयारी दाखवली आहे. १४ डिसेंबरला मी त्याच्या शेजारी बसेन, कळफलक त्याच्याकडे राहील.